सोंगाआधीचं पाणी

मी आजवर हजारेक वेळा तरी नवऱ्याला लाटण्यानं मारलं असेल. घरच्या नवऱ्याला एकदाही नाही. मार खायचे ते आमचे शाहीर. कलापथकात माझ्या नवऱ्याचं काम तेच करायचे. आठवडी बाजारात, भर उन्हात, शे-दोनशे माणसांसमोर मी लाटणं घेऊन त्यांच्यामागं धावायची आणि ते धोतर सावरत पळायचे. बायका तोंडात पदर धरून हसायच्या. कार्यक्रम संपल्यावर एखादी म्हातारी हळूच जवळ येऊन विचारायची, "माय, खरंच लागलं का गं त्याला?" मी म्हणायची, "न्हाई आजी, लाटणं कागदाचं हाय." म्हातारी हिरमुसली होऊन निघून जायची.

नाटक-सिनेमातल्या नट्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. आमच्यासारख्यांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहिते. मी बीए झालेली बाई आहे. आमच्या बौद्धवाड्यात बीए झालेली पहिली मुलगी, आणि घरात तर कॉलेजची पायरी चढलेलं पहिलंच माणूस. हे दरवेळी सांगते म्हणून माझी लेक मला हसते. हसू दे. तिला ते फुकट मिळालं आहे.

कलापथक म्हणजे काय, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. सात-आठ माणसं, एक जीप, ढोलकी, पेटी, तुणतुणं, दोन सतरंज्या आणि एक लोखंडी पेटारा. सरकारची जी मोहीम असेल तिची गाणी करायची. कधी साक्षरता, कधी लहान कुटुंब, कधी पोलिओचा डोस, कधी संडास. पण नुसत्या उपदेशाला बाजारातलं माणूस थांबत नाही. त्याला मेथीची जुडी घ्यायची असते, बैलाचे कासरे घ्यायचे असतात. म्हणून दोन गाणी झाली की बतावणी सुरू करायची. बतावणी म्हणजे नवरा-बायकोची नाहीतर सासू-सुनेची थट्टेची भांडणं, मधूनमधून गाणं आणि शेवटी मोहिमेची गोष्ट अशी बेमालूम सोडायची, की माणूस हसता हसता ती गिळतो. औषध गुळात घालून देतात, तसंच.

मी त्यात गेले तेव्हा नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि आमचा जिल्हा परभणीच होता. हिंगोली वेगळी व्हायला अजून बरीच वर्षं होती. बीएचा निकाल हातात होता, नोकरी नव्हती. शाहीर आमच्याच वाड्यातले. एक दिवस ते घरी आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरीचा गळा बरा हाय. मोहिमेच्या साहेबांनी यंदा अट घातली, बाईचं काम बाईनंच कराचं. पाठवता का?"

वडील मोंढ्यात हमाली करायचे. ते म्हणाले, "बीए काय लाटणं फिरवाया झाली का?"

आई आतून म्हणाली, "फिरवू द्या. घरात तरी कुठं फिरवून राहिली?"

तेवढ्यावर माझं करिअर ठरलं.

आता त्या अटीबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. तोवर आमच्याकडं बायांची कामं किसनमामा करायचे. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न असेल. अंगानं शेलाटे, गळा बारीक, मिशी कधी ठेवलीच नाही. गेली तीस वर्षं ते लुगडं नेसून 'गोदाबाई' व्हायचे. आसपासच्या गावांत त्यांना किसन म्हणून कुणी ओळखत नव्हतं. जीप आली की पोरं ओरडायची, "गोदाबाई आली, गोदाबाई आली!" नरसीच्या बाजारात एका गृहस्थानं त्यांच्यासाठी म्हणून शाहिरांकडं चक्क लग्नाची बोलणी केली होती. शाहीर म्हणाले, "अहो, तिला चार लेकरं हायेत." तो म्हणाला, "असू द्या की, माझी तीन हायेत." शाहिरांना शेवटी खरं सांगावं लागलं. तो माणूस रागावला नाही. दर बाजाराला मामांना चहा पाजत राहिला.

अट वाईट नव्हती, हेही लिहिलं पाहिजे. पुष्कळ पथकांमध्ये लुगड्यातला बाप्या म्हणजे पाचकळपणाला मोकळं रान असायचं. साहेबांना ते नको होतं आणि मुलींना काम मिळावं असंही त्यांच्या मनात होतं. मला काम मिळालं ते त्या अटीमुळंच. फक्त त्या अटीच्या एका टोकाला मी होते आणि दुसऱ्या टोकाला मामा.

पहिल्या दिवशी मामांनी पेटारा उघडला. त्यातलं हिरवं इरकल, खोट्या सोन्याची ठुशी, केसांचं गंगावन आणि काचेच्या बांगड्या माझ्या मांडीवर ठेवल्या. म्हणाले, "घे बीएबाई. तुझ्या हातात बांगड्या ढिल्या होतील. माझा हात जाड पडला." मग ते धोतर-सदऱ्यातल्या म्हाताऱ्या सासऱ्याच्या कामावर गेले. साहेबांच्या सांगण्यावरून मिशीही वाढवायला घेतली. धोतरातले मामा बघवत नव्हते. वाक्य बोलायचे आणि हात कुठं ठेवावे हेच त्यांना कळायचं नाही. तीस वर्षं त्या हातांनी पदर सावरला होता.

आणि मी? मी बीए. शाहिरांनी तोंडी सांगितलेली बतावणी मी वहीत शुद्ध लिहून काढली आणि पाठ केली. पहिल्या कार्यक्रमाला कनेरगाव नाक्यावर मी खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो, आपण साक्षर होणे किती आवश्यक आहे!" समोरून एक जण ओरडला, "ओ मॅडम, तास संपला का सांगा, आमी जातो!" सगळा बाजार हसला. त्या दिवशी मिळालेलं ते एकच हसू, तेही माझं नव्हतं. मागून बायका विचारत होत्या, "गोदाबाई काहून न्हाई आली?"

मी जीपमागं जाऊन रडले. मामा आले. मला वाटलं, मनातून खूश असतील. ते म्हणाले, "वही दे." मी दिली. त्यांनी ती ढोलकीच्या पिशवीत कोंबली. "ही ढोलकीला गादी झाली. आता शिक."

मग त्यांनी मला शिकवलं. स्वतःची जागा द्यायची आणि ती कशी भरायची हेही शिकवायचं, असं करणारी माणसं मी पुढं फार पाहिली नाहीत. पदर दाताखाली कधी धरायचा, कधी सोडायचा. रागात कमरेवर एकच हात, दोन हात ठेवले की बाई नाही, पोलीस दिसते. आणि हसण्याचं गणित. "दूध उतू यायला लागलं की आपण भांडं उचलतो, व्हय ना? तसं. हसू वर चढू द्यायचं अन् खाली बसायच्या आत पुढचं बोलायचं. आधी बोललं तर तुझं वाक्य बुडलं. उशीर केला तर दूध गेलं." आजही वर्गात मुलांपुढं बोलताना मी ते भांडं डोळ्यांसमोर ठेवते.

पण त्यांची सगळ्यात मोठी शिकवण वेगळीच होती. बतावणीत गावातल्या खऱ्या गोष्टी घालायच्या असतात. कुणाचा हट्टी बैल, कुणाची नवी सायकल, कुणाचं घोरणं. स्वतःच्या गावाचं नाव ऐकलं की माणूस दुप्पट हसतो. म्हणून कार्यक्रमाआधी आम्ही गावात फिरायचो. त्यात मामांचा एक नियम होता. ज्याच्यावर थट्टा करायची, त्याच्या घरी आधी जाऊन पाणी प्यायचं. त्याला सांगायचं, आज तुमचं नाव घेऊ का?

मी विचारलं, "पाणीच काहून, मामा? नुसतं विचारलं तर?"

ते म्हणाले, "आपन कोण, कुठल्या वाड्यातले, हे गावाला ठाव असतं. कुणी भांडं हातात देतो, कुणी वरून ओततो. ज्यानं वरून ओतलं, त्याचं नाव घ्यायचं न्हाई. थट्टेला बराबरी लागती. ज्यानं भांडं हातात दिलं, त्याची थट्टा कराचा हक्क मिळाला."

कॉलेजात तीन वर्षं समाजशास्त्र शिकले. एवढं स्वच्छ तिथं कुणी सांगितलं नव्हतं. काही गावांत आम्हाला एकही नाव मिळायचं नाही, मग मामा स्वतःवरच विनोद करायचे. काही गावांत मात्र सगळ्या घरी पाणी पिऊन पोटं तुडुंब भरायची. एका तांड्यावर तर बायांनी पाण्यापाठोपाठ ताक दिलं, मग भाकरी, आणि कार्यक्रमात आमच्यापेक्षा त्याच जास्त बोलल्या. त्या दिवशी मोहिमेचं काय झालं कुणास ठाऊक, आम्ही मात्र पोट धरून हसत परतलो.

पुढं अकरा वर्षं मी हे काम केलं. शेवटी शाळेत लागले. मामा आता नाहीत. त्यांचा लुगड्यातला एकही फोटो कुणाकडं नाही. मोहिमेच्या फायलीत जे आहेत ते सगळे धोतरातले, मिशीवाले. मला याची फार चुटपुट लागते. पण ते आणि मी अकरापैकी नऊ वर्षं एका सतरंजीवर उभे राहिलो, हे माझं नशीब. ते होऊ शकलं ते एका दिवसामुळं, आणि त्या दिवशीची चूक माझी होती.

गावाचं नाव सांगत नाही. कनेरगाव नाक्यापासून आतल्या अंगाला होतं. मला दोन महिने झाले होते, चार ठिकाणी टाळ्या पडल्या होत्या आणि डोकं थोडं चढलं होतं. मोहिमेचे साहेब त्या दिवशी पाहणीला येणार होते. जीप बंद पडल्यामुळं पोचायला उशीर झाला. फिरायला वेळच नव्हता. मी घाईनं हापशावर गेले. तिथं चार-पाच पोरी पाणी भरत होत्या. विचारलं, "गावात गमतीचं माणूस कोण गं?" एक म्हणाली, "सखारामअण्णा. सोता भाकरी थापते. एक भाकर वाशिमाकडं जाती, एक अकोल्याकडं." सगळ्या खिदळल्या. मला सोन्याची खाण सापडल्यासारखं झालं. सखारामअण्णांचं घर समोरच दिसत होतं. दहा पावलं. आमची ढोलकी वाजायला लागली आणि मी परत फिरले.

बतावणी रंगात आली. साहेब खुर्चीवर बसले होते, शेजारी सरपंच. माझा नवरा रात्रीच्या वर्गाला यायला तयार नाही, आणि मी त्याला धमकावते आहे, असा प्रसंग होता. मी कमरेवर एक हात ठेवला आणि म्हणाले, "शिकत नसशील तर मी चालले माहेरी! मग बस सखारामअण्णावाणी चुलीपुढं. एक भाकर वाशिमाला, एक अकोल्याला! बायको पळाली की बाप्याची अशीच गत होती!"

मी हसण्याची वाट पाहत थांबले. हसू आलंच नाही. बायकांच्या बाजूनं एक आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी राहिली. ती मोठ्यानं म्हणाली,

"माझी माय पळून न्हाई गेली. मेली ती."

ढोलकीवाल्यांची बोटं थांबली. बापे माणसांच्या घोळक्यात एक माणूस मान खाली घालून बसला होता, आणि आजूबाजूचे त्याच्याकडं न बघण्याचा प्रयत्न करत होते. मी कोण होते? परगावची, परवाड्यातली एक पोरगी, जी त्या घरचं पाणीही प्यायली नव्हती. एखाद्यानं दगड उचलला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

तेवढ्यात मागं काठी पडल्याचा आवाज झाला. मामा. सासऱ्याचं काम करणारे मामा काठी टाकून पुढं आले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी डोक्यावरून घेतलं, एक टोक दातात धरलं आणि दोन पावलांत गोदाबाई झाले. तोंडावर दोन महिन्यांची मिशी होती. ती कुणालाच दिसली नाही, असं मी आजही शपथेवर सांगते.

त्यांनी सगळ्यांसमोर माझा कान धरला. "काय गं भवाने! या गावात येऊन घंटा न्हाई झाला अन् लोकाच्या भाकरी मोजाया लागली? गेलती का त्या घरी? घोटभर पाणी पेलीस का? न्हाई ना? मग त्या चुलीचं नाव घ्यायला तुझी जीभ कशी उचलली?"

मी खरंच रडत होते. मामांनी कान सोडला आणि मुलीकडं वळून म्हणाले, "माझी सून येडी हाय माय, लई शिकलेली हाय ना, म्हणून. तू मला सांग, तुझ्या बाची भाकर कशी असती?"

मुलीनं बापाकडं बघितलं. मग म्हणाली, "वाकडी असती. पण मऊ असती."

"मऊ असती!" गोदाबाई कमरेवर एक हात ठेवून बाप्यांकडं वळली. "आयकलं का? आता खरं सांगा. इथं येवढे मिशावाले बसलेत. भाकर कुणाकुणाला थापता येती? करा हात वर!"

बापे एकमेकांकडं बघायला लागले. सरपंच टोपी नीट करू लागले.

"सरपंच, तुमाला? न्हाई? चहा तरी? चहाबी न्हाई! अरारारा, गाव अडाणीच निघालं की! अक्षराचं सोडा, ह्यांना चुलीचा 'ग म भ न' बी येत न्हाई!"

बायका हसायला लागल्या. आधी पदराआड, मग उघड. आणि त्या हसण्यात, मागच्या रांगेत, एक हात हळूहळू वर आला. सखारामअण्णांचा.

"ह्यो बघा!" मामा ओरडले. "ह्यो ह्या गावातला पहिला शिकलेला बाप्या! बायको गेल्यावर कुणापुढं रडत न्हाई बसला, चुलीपुढं बसून शिकला. वाकडं आलं तर आलं. आपलंबी पहिलं अक्षर वाकडंच येनार हाय. त्यो शिकला तर तुमी काहून न्हाई शिकनार?"

बायांनी टाळ्या वाजवल्या. सखारामअण्णा रडत होते की हसत होते, मला कळलं नाही. त्यांची मुलगी मात्र ताठ मानेनं खाली बसली. शाहिरांनी साक्षरतेचं गाणं धरलं, आणि त्या गावानं ते जसं म्हटलं तसं मी पुन्हा कुठं ऐकलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो. साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण कागदाचा पक्का. म्हणाले, "पुरुषानं स्त्रीची भूमिका करायची नाही, हे लेखी कळवलं होतं."

मामा म्हणाले, "साहेब, लुगडं कुठं नेसलो? उपरणं व्हतं."

कुणी हसलं नाही. साहेब शाहिरांना म्हणाले, "मला वरती उत्तर द्यावं लागतं. यांना उद्यापासून आणू नका."

मामांनी उपरण्याची घडी घातली. त्यांना धोतरातलं काम जातंय याचं दुःख नव्हतं, ते मला माहीत होतं. पण सतरंजीवर उभं राहणंच गेलं, तर घरी बसून हा माणूस किती दिवस काढेल? मी बोलायला हवं होतं. चूक माझी होती. पण माझंही काम जाईल, ही भीती होती. ते क्षणभराचं गप्प बसणं मला अजून टोचतं. मग मी उठले आणि म्हणाले, "साहेब, चुकले मी. पाणी न पिता नाव घेतलं. मामांनी सावरलं नसतं तर गावानं आपल्याला हाकललं असतं. काढायचं तर मला काढा."

साहेब म्हणाले, "कसलं पाणी?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोच सखारामअण्णा व्हरांड्यात आले. सोबत मुलगी, तिच्या हातात पितळी तांब्या. त्यांनी काही भाषण केलं नाही. मुलीला नुसतं म्हणाले, "दे." तिनं तांब्या माझ्या हातात दिला. हातात. मी प्यायले. निम्मं अंगावर सांडलं. म्हणाले, "अण्णा, माफ करा." ते म्हणाले, "भाकर खरंच वाकडी असती, बाई. पुढच्या खेपेला आधी खाऊन बघा, मग बोला."

मग मुलगी तांब्या घेऊन मामांपुढं गेली. मामा धोतरात, मिशीत, भिंतीला टेकून बसलेले. ती त्यांच्याकडं नीट बघून म्हणाली, "आजी, तुमी परत येनार का?"

मामांनी पाणी घेतलं आणि पिताना तोंड फिरवलं. ती उत्तरासाठी उभीच राहिली. साहेब तिच्याकडं बघत होते, मग मामांकडं. शेवटी ते मला म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात ना? अहवाल तुम्हीच लिहा. कलाकारांची यादी भरा. मी सही करतो." आणि ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

छापील कागदावर दोन रकाने होते. पुरुष कलाकार, स्त्री कलाकार. पुरुषांच्या रकान्यात मी शाहीर, ढोलकीवाले, पेटीवाले यांची नावं लिहिली. स्त्रियांच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि त्याखाली, बीएच्या परीक्षेतही इतकं जपून लिहिलं नसेल अशा अक्षरात, दुसरं नाव लिहिलं: गोदाबाई.

मामा खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांना अक्षरं जेमतेम लागायची, पण ते नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग पुढच्या आकड्यावर बोट नेलं.

"हे काय लिवलंस?"

"वय. अठ्ठावन्न."

"अगं बये!" मामा म्हणाले. "बाईमाणसाचं वय असं खरं लिवतेत का कुठं? चाळीस कर."

मी खोडून चाळीस केलं आणि कागद साहेबांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली, खोडलेल्या आकड्यावर थोडं थांबले, आणि सही केली.